नऊ नारळांचं सौभद्र

शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी ‘संगीत सौभद्र’ केलं. आम्ही सहकुटुंब, आजीसकट हजर. अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे १८८२ सालचं नाटक पूर्वी रात्र रात्र रंगायचं. शाळेने ते अठरा मिनिटांत उरकलं, याबद्दल मुख्याध्यापकांचं जाहीर अभिनंदन. वाचलेला वेळ नऊ मान्यवरांच्या सत्काराला जेमतेम पुरला. शाल, श्रीफळ, मनोगत, त्यात एका ओळीचीही काटछाट नाही! (तिसऱ्या मान्यवरांना तर वन्समोअर न मागताच मिळाला.) पुढल्या वर्षी अर्जुनाला घरीच ठेवावं, म्हणजे आणखी चार नारळ सहज बसतील.

आमची कन्या सुभद्रा होती. तिची पदं कापली गेली. पण नऊवारी सावरत, नारळांचं तबक घेऊन ती नऊदा रंगमंचावर आली. आजीने नऊही वेळा टाळ्या वाजवल्या.