चालायला जायचंय, गाडी काढ!

कोथरूडमध्ये चालायला जायचं तर आधी गाडी काढावी लागते. पहाटे म्हातोबा टेकडीच्या पायथ्याशी दुचाकी-चारचाकींची जी रांग लागते ती पाहून परगावच्या माणसाला वाटावं, वर कुणाचं तरी लग्न आहे. लग्नबिग्न काही नसतं. माणसं चालायला आलेली असतात. टेकडी घरापासून पंधरा मिनिटांवर, पण तेवढा वेळ चालण्यात घालवला तर चालायला वेळ कुठून उरणार?

कोथरूडकरांनी चालण्याची दोन खाती कधीच वेगळी केली आहेत. एक चालणं तब्येतीचं. त्याला बूट लागतात, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ लागतं आणि संध्याकाळी चारचौघांत सांगायला आकडा लागतो. दुसरं चालणं पोहोचण्याचं: दूध, कोथिंबीर, इस्त्रीचे कपडे, नातवाची शाळा. पहिल्याला समाजात मान आहे. दुसऱ्या प्रकारात कुणी सापडला, की शेजारी काळजीने विचारतात, “काय हो, गाडी बिघडली का?”

फ्लॅटच्या जाहिरातींत मात्र अजून हा दुसरा प्रकारच विकला जातो. शाळा, दवाखाना, मंडई, नाट्यगृह, देऊळ, सगळं म्हणे ‘वॉकिंग डिस्टन्स’वर! यात खोटं काही नाही. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह जागेवर आहे, मृत्युंजयेश्वरही जागेवर आहे. मधला पदपथ तेवढा चित्रात नसतो. तेव्हा मुलाबाळांसह नव्याने राहायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी उपनगरातले काही निवडक पायी मार्ग इथे देत आहोत.

मार्ग पहिला: घर ते वाण्याचं दुकान. फाटकातून बाहेर पडलं, की आपल्याच सोसायटीचा उतार लागतो. गाडी आत अलगद यावी म्हणून तो पदपथ कापून केलेला असतो. मग पदपथावर चढावं, लगेच शेजारच्या सोसायटीच्या उतारावर उतरावं, पुन्हा चढावं. गुडघ्यांना वेगळा व्यायाम नको. पुढे विजेचा डीपी, त्याला टेकलेली टपरी, टपरीला टेकलेली दोन कॉलेजातली पोरं आणि मालक गावाला गेल्यापासून धूळ खात पडलेली स्कूटर. या भागात प्रत्येक फाटकावर ‘येथे गाडी लावू नये, हवा सोडली जाईल’ अशी पाटी असते. पाटीचा धाक इतका, की फाटकासमोर कुणीही गाडी लावत नाही. सगळे ती पदपथावर लावतात. पदपथाच्या वतीने पाटी लावणारं कुणी नाही, त्यामुळे तिथल्या चाकांतली हवा शाबूत राहते.

मार्ग दुसरा: कर्वे रस्ता ओलांडणे. हा ज्येष्ठांसाठी खास. झेब्रा पट्ट्यांवर पहिला हक्क सिग्नलला थांबलेल्या दुचाकींचा, दुसरा डावीकडे वळणाऱ्या रिक्षांचा. उरलेल्या काळ्या भागातून आजी निघतात. एका हातात पिशवी, दुसरा हात वाहनांच्या दिशेने उगारलेला. त्या हातापुढे भल्याभल्या गाड्या थांबतात, कारण थांबलं नाही तर आजी गाडीचा नंबर नाही, थेट घराणं विचारतात.

मार्ग तिसरा: चांदणी चौक. फक्त अनुभवी गिर्यारोहकांसाठी. इथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या पुलांचं उद्घाटन झालं. रॅम्प झाले, वळणं झाली, सेवा रस्ते झाले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की काही माणसं हा चौक पायीसुद्धा ओलांडतात. पादचारी पुलाचा विचार त्यानंतर सुरू झाला. इतक्या मोठ्या कामात पायांसारखी बारीक गोष्ट राहून जायचीच.

आता ज्यांच्या नावाने आपण रोज हॉर्न वाजवतो त्यांच्याविषयी थोडं. धोंडो केशव कर्वे पोरवयात मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी गेले आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून तिथून परत पाठवले गेले. पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं, की ते हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जात, पावसाळ्यात चिखल तुडवत, आश्रमाला लागणारं सामान बरोबर घेऊन. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळालं. जगले १०४ वर्षं. आज ते तपासायला आले असते, तर डॉक्टरांनी चालण्याबद्दल कौतुक केलं असतं आणि वर बजावलं असतं, “फक्त कर्वे रस्त्याने चालू नका.” कर्व्यांच्या वाटेत चिखल होता हे खरं, पण त्या चिखलात कुणी गाडी लावलेली नव्हती.

नियमांची मात्र आपल्याकडे ददात नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार पदपथावर चालण्याजोगी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. म्हणजे दोन माणसं शेजारून जावीत आणि आजींना पदपथावर चढताना देवाचं नाव घ्यावं लागू नये. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चालण्याजोगा, मोकळा पदपथ हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शिवाय २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचारी दिनही होतो. पितरांना वर्षातून पंधरवडा मिळतो, पादचाऱ्यांना एक दिवस. पितरांचा पाठपुरावा चांगला असावा.

हे सगळं वाचून ‘महापालिका काय झोपली आहे का’ असं आपण म्हणणार, याची खात्री आहे. पण निवडणुकीला मतं मागायला आलेल्या उमेदवाराला आपण काय सांगितलं ते आठवा. रस्ता रुंद करा. पार्किंगचं बघा. सिग्नलचा वेळ वाढवा. कधी कुणी त्याच्यापुढे पदपथाची टेप धरली? बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून नेण्याची योजना पुढे रेटली गेली, तेव्हा २०२३ मध्ये पुणेकर मोर्चाने चालत गेले, आणि ते फार चांगलं झालं. टेकडी वाचवायला आपण चालतो. टेकडीपर्यंत मात्र नाही. मग तिथवर वाहनांची गर्दी होते, गर्दी कमी करायला नवा रस्ता सुचवला जातो आणि त्या रस्त्याला टेकडीच लागते. या हिशेबात लबाडी कुणाचीच नाही. फक्त प्रत्येक गाडीत एकेक निसर्गप्रेमी बसलेला आहे.

पोहोचण्यासाठी चालणारी माणसं रस्त्यावर दिसेनाशी झाली, की पदपथ कुणाचाच उरत नाही आणि बेवारस जागेवर गाडी लावायला आपल्याला कधीच संकोच वाटलेला नाही. न्यायालयाने हक्क दिला, तरी तो पायांनीच वापरावा लागतो. तेव्हा आज संध्याकाळी कोथिंबीर आणायला पायी निघा. पदपथावर जी पहिली गाडी आडवी येईल तिचा नंबर नीट वाचा. ती आपल्याच घरची असण्याची शक्यता बरीच आहे. तशी निघाली तर मुकाट्याने आत घ्या. दुसऱ्याची निघाली तर मालकाला नम्रपणे सांगा. पुणेरी नम्रपणा चालेल.