शुक्रवारी नाही

लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप बगलेत मारून पुण्याहून पाथरीला आलेली मंडळी पुढं एकेक करून परत गेली. आमचे दाजी राहिले. माडीवरच्या खोलीत दोन कंपन्यांचं इंटरनेट, एक इन्व्हर्टर आणि त्या इन्व्हर्टरवर भरवसा नाही म्हणून आणखी एक. पद रिलीज मॅनेजर. प्रोग्राम लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे; तो ठरल्या दिवशी, ठरल्या क्रमानं, कुठं न सांडता गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा हे दाजींचं काम. त्यांच्या आईचं वर्णन याहून सुटसुटीत आहे: "दिवसभर लोकायला इचारतंय, झालं का, झालं का. त्याचाच पगार हाय."

खोटं नाही. फक्त समोरचा "झालं" म्हणाला की दाजी खरे कामाला लागतात. "झालं म्हणजे? तुमच्या मशीनवर झालं, का टेस्टिंगमधून पास होऊन आलं? पास झालं हे लिहून कोण देणार?" सातवीतल्या पोरालाही यातून सूट नाही. ते आता "अभ्यास माझ्याकडून झाला, मॅडमची तपासणी बाकी" असं एका दमात सांगून खेळायला पळतं.

ताई संतोषीमातेचा शुक्रवार धरते. त्यामुळं या घरात शुक्रवारी दोन गोष्टी वर्ज्य आहेत, आंबट आणि रिलीज. दाजींचं कारण व्यवहाराचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी घातलेली नवी आवृत्ती शनिवारी बिघडते आणि शनिवारी फोन उचलायला कुणी नसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं, जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले आणि आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळू लागले. दाजींनी तसल्या पासचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली दोनच शब्द लिहिले: "वार बघा." शुक्रवारच होता. ताईनं लगेच हात जोडले. दोघांच्या मनात वेगवेगळी कारणं होती, पण एकमत दुर्मीळ असल्यामुळं कुणी खुलासा केला नाही.

मागं आमच्या भाचीच्या लग्नाची बैठक बसली. पोहे झाले, चहा झाला, देण्याघेण्याचं बोलून झालं, आता सुपारी फोडायची. दाजी म्हणाले, "एक मिनिट." आणि हजेरी घेतल्यासारखं एकेकाला विचारू लागले. "मामा, तुमचं हो का नाही? मान हलवू नका, तोंडानं सांगा. काका, तुमचं?" ऑफिसात याला गो-नो-गो म्हणतात. रिलीजच्या आधी टेस्टिंगवाला, सर्व्हरवाला, सपोर्टवाला, प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं, म्हणजे उद्या कुणी "मला विचारलंच नव्हतं" म्हणायला नको. कधी नव्हे ते थोरल्या काकांना कुणी विचारलं, त्यामुळं ते खूश. इथवर ठीक होतं. मग दाजी मुलाच्या वडिलांकडं वळून म्हणाले, "आणि समजा नाही जमलं, तर रोलबॅक कसा करायचा?" ताईनं त्यांच्या पायावर पाय दिला. पाव्हण्यांना शब्द कळला नाही, हे आमचं नशीब.

पण दाजींचा जीव त्या प्रश्नातच आहे. त्यांच्या रिलीजच्या कागदात नवं कसं घालायचं याला अर्धं पान, जुनं परत कसं आणायचं याला दीड. मानवत रोडहून गाडीत बसायचं असेल तरी आधी परतीचं तिकीट काढतात आणि मग जाण्याचं.

त्याच लग्नाच्या बसमध्ये आम्ही आठव्या सर्व्हरची गोष्ट पुन्हा ऐकली. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअरबाजारातली बडी कंपनी होती. तिथं आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा होता. सातांवर चढला, आठवा राहिला, आणि नव्या आज्ञेनं त्याच्यातला वर्षानुवर्षं झोपलेला जुना प्रोग्राम जागा झाला. १ ऑगस्ट २०१२ ला सकाळी बाजार उघडल्यापासून पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर बुडाले. गोष्ट संपली की दाजी बसमधली डोकी मोजतात. "आठवा सर्व्हर कोण राहिला?" बहुतेक वेळा थोरले काकाच असतात. पानटपरीवर.

'छोटा बदल' या शब्दांना ते फार भितात. मध्यरात्री सगळं तयार असताना पुण्याहून एखादं पोरगं लाडात येतं: "सर, फक्त एक ओळ घालू का?" दाजींचं उत्तर मी जिन्यातून ऐकलेलं आहे: "बाळा, सातबाऱ्यावर पण एकच ओळ वाढती. मग तीन पिढ्या कोर्टात." ओळ पुढच्या रिलीजला जाते.

जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून पाथरी आणि शिर्डी समोरासमोर आली होती. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीसाठी शंभर कोटी जाहीर केले, बाबांचा जन्म पाथरीचा हेच शिर्डीला मान्य नव्हतं, १९ तारखेला शिर्डी बंद. इथं प्रत्येक ओट्यावर पुरावे निघत होते. तेव्हा सुट्टीवर आलेल्या दाजींना कुणीतरी मत विचारलं. अस्सल पाथरीकर असूनही ते म्हणाले, "हा मर्ज कॉन्फ्लिक्ट आहे. दोघांनी एकाच फाइलीत हात घातला. बसून सोडवावा लागतो." त्या ओट्यावर त्यांना पुन्हा चहा मिळाला नाही.

रिलीजची रात्र मात्र बघण्यासारखी असते. अकराला जेवणखाण आटोपून दाजी वर जातात. आधी शंभरातल्या पाच गिऱ्हाइकांनाच नवी आवृत्ती देतात, अर्धा तास आलेख बघतात, मग पंचवीस, मग सगळे. आवाज चढत नाही, घाई नाही. आमच्यासारखा आरडाओरडा करून घर हलवणारा माणूस अशा वेळी जरा वरमतोच. दोनच्या सुमाराला ते खाली येतात, उभ्यानं गार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खातात आणि झोपतात. सकाळी कुणाच्याही लक्षात येत नाही की रात्री काही झालं. त्यांच्या धंद्यात याला यश म्हणतात. कंपनीतून एक अंगठा येतो, तेवढाच.

सध्या पुढच्या रिलीजची तयारी चालली आहे. मंगळवार ठरलाय. तुमच्या घरी त्या आठवड्यात बारसं, वास्तुशांत, साखरपुडा काही असेल आणि दाजी हवे असतील, तर आत्ताच कळवा. आणि तारीख तोंडी सांगू नका, लिहून द्या.