ठाण्यातील कॅमेरा : स्वभाव आणि निगा

पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही कॅमेरा हे अत्यंत लाजाळू उपकरण आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत, आवाजाच्या नोंदीसह बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. ठाणे अंमलदाराची डुलकी आणि टेबलावरचा कटिंग चहा तो बिनचूक टिपतो. चौकशीला रंग चढून पट्टा निघाला की मात्र त्याची वायर सैल होते. नेमका त्याच वेळी आरोपी स्वच्छतागृहात घसरतो. पोलीस सुधारणांसाठी याच न्यायालयाने २००६ मध्ये दिलेले सात निर्देश फायलीत सुखरूप असल्याने त्यांना हात लावणे इष्ट नाही. दोष फरशीचा आहे. तिच्यावर गुन्हा नोंदवून ठाण्याठाण्यांत खरखरीत लाद्या बसवाव्यात. खाते बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडते. काम चालू असेपर्यंत कॅमेरे बंद राहतील.