मीटरगेजचे परदेशी भाग्य

दिवाळीच्या सुटीत वाशिमचे एखादे कुटुंब अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठते, तेव्हा ती रात्र म्हणजे शिक्षा असते. साइड अपर नशिबी आलेला, चहा पांचट, शेजारचा घोरतोय. हेच कुटुंब पुढे विमानाने बँकॉकला उतरून चियांग माईच्या रात्रीच्या गाडीत आडवे झाले, की त्याच शिक्षेला ‘अनुभव’ म्हणतात आणि टूरवाला त्याचे वेगळे पैसे लावतो. ही गाडी 751 किलोमीटरला बारा-तेरा तास घेते, म्हणजे ताशी साठच्या आसपास. आपल्याकडे एवढ्यावर खासदारांना निवेदन गेले असते. शिवाय ती धावते मीटरगेजवर! पूर्णा-अकोला मार्गावरून 2008 साली आपण ज्या मीटरगेजला मागासलेपणाची खूण म्हणून उखडून काढले, तेच हे. एकेकाळी त्याच रुळांवरून मीनाक्षी एक्स्प्रेस वाशिमकरांना थेट जयपूरपर्यंत नेत असे. तिच्यात झोपण्याला कोणी अनुभव म्हटले नाही. ब्रॉडगेज नको होते, असे कोणी म्हणणार नाही. ते हवेच होते. मुद्दा रुळांच्या रुंदीचा नाही, नजरेच्या रुंदीचा आहे. वाशिमकराला पाहण्याजोगी वस्तू बरोबर कळते, फक्त तिच्यापर्यंत पोचायला पासपोर्ट लागला पाहिजे.

थायलंडने 2023 च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसा माफ केला, तेव्हापासून तर विचारायला नको. वाट फो मंदिरातल्या 46 मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धासमोर सारे घरदार फोटोला उभे राहते. राहावेच, मूर्ती तशीच आहे. पण बँकॉक राजधानी झाले 1782 साली. वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम, त्याच्या जवळजवळ चौदा शतके आधी वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. म्हणजे ज्या गावच्या दरबाराने बुद्धासाठी डोंगर पोखरला, तिथली माणसे बुद्ध पाहायला समुद्र ओलांडतात आणि परत आल्यावर सांगतात, “आपल्याकडं काहीच नाही हो पाहण्यासारखं.”

यावर ठरलेले उत्तर येते : तिथे व्यवस्था असते. खरे आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर जैन पंथांच्या वादात चार दशके कुलूपबंद राहिले आणि 2023 साली उघडले. पर्यटकाने तोवर काय करावे? पण व्यवस्थेचा निम्मा भाग पर्यटक सोबत घेऊन जातो, हे कोणी सांगत नाही. बँकॉकच्या राजवाड्यात गुडघे झाकून या म्हटले की आपला गृहस्थ मुकाट्याने झाकतो, रांगेत उभा राहतो, खर्ऱ्याची पुडी हॉटेलातच ठेवतो. तोच गृहस्थ वाशिमच्या पद्मतीर्थ तलावाकाठी येतो तेव्हा रिकामी पिशवी पाण्यात सोडायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा आक्षेप पोहरादेवीचा. रामनवमीला तिथे देशभरातून बंजारा समाज लोटतो, मग जिल्ह्याकडे कोण फिरकत नाही म्हणता? पण ते भक्त आहेत, ते सेवालाल महाराजांसाठी येतात, रस्ता कसाही असला तरी येतील. प्रश्न सहलीला निघालेल्यांचा आहे. पोहरादेवीतल्या नंगारा संग्रहालयाचे उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 रोजी खुद्द पंतप्रधानांनी केले. बँकॉकची तरंगती बाजारपेठ पाहून आलेल्या किती वाशिमकरांनी त्याचा उंबरठा ओलांडला, हे ज्याने त्याने आपल्या मोबाइलमधल्या फोटोंवरून तपासावे.

तेव्हा जिल्हा प्रशासनाला एकच विनंती. आराखडे, फलक, महोत्सव सगळे राहू द्या. अजिंठ्याला येणाऱ्या थायी पाहुण्यांची एक बस तेवढी वाशिमकडे वळवा. त्यांनी पद्मतीर्थावर उभे राहून दोन फोटो टाकले, की वाशिमकर तिकीट काढून मागोमाग येतीलच.