लिटरली मेले!

कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर अर्धा तास उभे राहा. चार-पाच मृत्यू सहज कानांवर पडतात. ‘अगं, मी लिटरली मेले!’ असं म्हणून मयत वडापावचा पुढचा घास घेते. शेजारचा मुलगा हसून हसून लिटरली फुटलेला असतो. तरी लेक्चरला अखंड पोचतो.

लिटरली म्हणजे शब्दशः, लिहिलंय तस्संच. पण जे घडलेलंच नाही, त्याच्यापुढे हा शब्द हमखास लागतो. 2013 साली गूगलवर शब्दार्थ पाहताना हा उलटा अर्थही तिथे दिलेला लोकांना दिसला आणि इंग्रजी भाषा मेल्याची हाकाटी झाली. (ती लिटरली मेली की कसं, याचा खुलासा कोणी केला नाही.) रडणाऱ्यांना पत्ता नव्हता की दुखणं फार जुनं आहे. ऑक्सफर्ड कोशातला या वापराचा दाखला 1769 सालचा, फ्रान्सिस ब्रूकबाईंच्या कादंबरीतला. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर 1876 मध्ये कुंपण रंगवायचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात मारतो आणि लिटरली संपत्तीत लोळू लागतो. संपत्ती म्हणजे काय, तर गोट्या, एकडोळं मांजराचं पिल्लू आणि दोरीसकट एक मेलेला उंदीर. त्यात खरोखर लोळायचं कोणाला? 1909 साली अँब्रोज बिअर्स या खवट लेखकानं या वापरावर काठी उगारली. त्याच वर्षी वेबस्टरच्या कोशानं तो वापर नोंदवून टाकला. भाषाशुद्धीच्या लढाया बहुधा अशाच जिंकल्या जातात.

इंग्रजीला हसायला आपण मात्र मोकळे नाही. आपल्याकडे ‘अक्षरशः’ आहे. टोमॅटो महागले की गृहिणींचं कंबरडं अक्षरशः मोडतं, पण हाडांच्या डॉक्टरांकडे जादा गर्दी दिसत नाही. नेत्याच्या सभेला अक्षरशः जनसागर उसळतो आणि जेवणाची पाकिटं संपली की ओहोटी लागते. विरोधक सरकारची लक्तरं अक्षरशः वेशीवर टांगतात. आता वेस कुठली, तिथे टोलनाका आहे.

इथवर गंमत. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. माणसं बंद गाड्यांत गुदमरून गेली. त्या दिवशी मुंबई अक्षरशः बुडाली होती आणि त्या शब्दात काडीची अतिशयोक्ती नव्हती. तेव्हापासून दर पावसाळ्यात दादरच्या हिंदमाता भागात घोट्याएवढं पाणी साचलं, की चॅनेलवाले मुंबईला पुन्हा अक्षरशः बुडवतात. बातमीदार कॅमेऱ्यासमोर जरा वाकून उभा राहिला की पाणी कमरेपर्यंतही येतं. घोट्यालाही तोच शब्द, गळ्यालाही तोच. उद्या खरंच गळ्याशी आलं तर ऐकणारा चॅनेल बदलून क्रिकेट लावणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

तेव्हा बातमीदारहो, यंदा ‘अक्षरशः’ राहू द्या. पाऊस किती मिलिमीटर झाला आणि लोकल कुठून कुठपर्यंत चालू आहे, तेवढं सांगा.