पिवळ्या पट्ट्यांचा भाव

अकोल्याच्या ४५ डिग्रीत गळ्यापर्यंत झिप लावलेलं पॉलिस्टरचं जॅकेट घालून कोणी दिसलाच, तर त्याला पाणी पाजा, पण हसू नका. तो संग्राहक आहे. अ‍ॅडिडासनं १९६७ साली जर्मन फुटबॉलपटू बेकेनबाउअरच्या नावानं ट्रॅकसूट काढला आणि ती कंपनी बुटांवरून कपड्यांवर आली. पुढे १९९० साली ‘पश्चिम जर्मनी’ हे नाव नकाशावरून पुसलं गेलं. तिच्या फुटबॉल संघाची जॅकेटं मात्र ‘व्हिंटेज’ झाली. काखेत उसवलेलं, बाहीवरचे तीन पट्टे पिवळे पडलेले, लेबल अर्धं पुसलेलं. म्हणजे माल अस्सल!

हेच जॅकेट अमरावतीत बोहारणीपुढे टाका. ती झिप दोनदा वरखाली करेल, “याले कोन घालते वं बाई?” म्हणेल आणि स्टीलची एक वाटी सरकवेल.

बरं, आपलं काय विकायचं? १९४८ साली लंडन ऑलिंपिकला आपले बहुतेक फुटबॉलपटू अनवाणीच खेळले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडी तर १९३६ सालीच बर्लिनला आपले देशी खेळ दाखवून आले. पण मल्लखांबाच्या लंगोटाला झिप कुठली आणि पट्टे कुठले?

राहिला कापूस. भाव वाढेल म्हणून शेतकऱ्यानं तो घरात ठेवला आणि पिवळा पडला, की व्यापारी नाक मुरडून क्विंटलमागे पैसे कापतो. पिवळेपणाला किंमत आहेच हो. फक्त तो जर्मन असावा लागतो.