साबुदाण्याच्या माहेरची माणसं

परदेशातल्या हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं की मी ते वाचत नाही, चाळतो. वाचणारा माणूस नवखा दिसतो, चाळणारा जाणकार. मधेच एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हं’ म्हणायचं आणि वाढणाऱ्याला “आज खास काय?” हे अशा सुरात विचारायचं, की उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, आपण फक्त त्याची तोंडी परीक्षा घेतोय. दिवाळी अंकांत खाण्यापिण्यावर लिहायला लागल्यापासून हा आजार फारच बळावला. “मी काहीही खातो” हे मी इतक्या लोकांना ऐकवून ठेवलंय की आता माघारीचा रस्ता बंद आहे.

त्यामुळे क्वालालंपुरात भाच्याने “मामा, ब्रिकफील्ड्सला डोसा खायचा की बोर्निओकडचं जेवायचं?” असं विचारलं, तेव्हा डोशाचं नाव काढल्याबद्दल मी त्याच्याकडे नुसतं कनवाळूपणे पाहिलं. माझ्या बॅगेत मेतकुटाची पुडी होती, पण ती त्याला दिसलेली नव्हती.

हॉटेल कसलं, शटरचा गाळा. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर धनेश पक्ष्याचं चित्र, कारण सारवाकच्या राज्यचिन्हात तो आहे. सारवाक आणि साबा ही बोर्निओ बेटावरची दोन राज्यं १६ सप्टेंबर १९६३ ला मलेशियात सामील झाली, पण येताना कोणाला आत घ्यायचं याचा अधिकार आपल्या हातात ठेवून आली. आजही क्वालालंपूरचा माणूस कुचिंगच्या विमानतळावर उतरला की त्याला ओळखपत्र दाखवूनच आत जावं लागतं. स्वतःच्याच देशात! ही तरतूद पुणेकरांच्या कानावर जाता कामा नये.

चाळता चाळता एक गोष्ट माझ्याही नजरेतून सुटली नाही. प्रत्येक पदार्थाखाली तो कोणाचा ते लिहिलेलं होतं. बांबूत शिजवलेली कोंबडी, मानोक पांसोह, ती इबानांची. कारलं घालून केलेली कच्च्या सुरमईची हिनावा काडाझान-दुसूनांची. उमाइ मेलानाउंची. मी बोट ठेवलं ते उमाइवर, कारण तेवढ्यात भाचा म्हणाला, “मामा, तोही मासा कच्चाच असतो हं.” असं कोणी म्हटलं की मला मागे फिरता येत नाही.

कच्च्या माशाची माझी तयारी होती. छोट्या आंबट लिंबांच्या रसात मुरलेले पातळ काप, वर कांदा, आलं, मिरची. मेलानाउ कोळी होडीतच, चुलीशिवाय, करून खायचे तो हा प्रकार, आणि लागतो झकास. तयारी नव्हती ती शेजारच्या वाटीची. वाटीत भाजलेला साबुदाणा होता.

कच्चा मासा आणि साबुदाणा. एका घासात. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या साठवलेल्या एकादश्या त्या एका चमच्यात बुडणार होत्या.

आता, साबुदाणा हा माझा हातखंडा विषय. इतका, की उपासाच्या दिवशी मी नुसता घसा खाकरला तरी बायको म्हणते, “आधी खाऊन घ्या, मग बोला.” पण मी बोलतोच. खरा सागो हा एका ताडाच्या जातीच्या झाडाचा. हे झाड दहा-पंधरा वर्षं खोडात पीठ साठवत राहतं, मग एकदाच फुलतं आणि मरतं. म्हणून फुलोऱ्याच्या बेतात असतानाच ते तोडतात, खोडाचा गाभा किसतात, पाण्याने धुतात आणि तळाशी बसलेला चीक वाळवतात. पूर्वी आपल्याकडे हा माल मलाया-सिंगापूरकडून बोटीने यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो रस्ता बंद झाला आणि तमिळनाडूत सेलमच्या लोकांनी टॅपिओकाच्या कंदातून तसेच दाणे वळायला सुरुवात केली. आज आपली खिचडी सेलमच्या जिवावर चालते. तो कंद मुळात ब्राझीलकडचा. खिचडीतला बटाटा पेरूकडचा. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे, मिरची मेक्सिकोची, जिरं भूमध्य समुद्राच्या बाजूचं. म्हणजे विठोबाचं नाव घेऊन आपण जे खातो त्यात आपलं काय, तर तूप!

इथे मी थांबतो आणि दाद मिळण्याची वाट पाहतो. एका आषाढीला सासूबाई म्हणाल्या होत्या, “मग पुढच्या वेळी तुम्हाला नुसतं तूपच वाढते.” असं असूनही मी हे व्याख्यान वऱ्हाडातल्या लग्नात दिलंय, रेल्वेत दिलंय, आणि उपासाला अजिबात न मानणाऱ्या एका दंतवैद्याला, तोंड उघडं असताना शक्य तेवढं, ऐकवलंय. कापराच्या वेळी मी असाच सुटतो (भीमसेनी कापूरसुद्धा सुमात्रा-बोर्निओच्या झाडांतला), पण साबुदाण्याची सर त्याला नाही.

एवढा मोठा विषय वाटीत येऊन बसल्यावर गप्प राहणं शक्यच नव्हतं. मालकीणबाई टेबलाशी आल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्या, पण मला ‘अंकल’ म्हणत होत्या. तिकडे सगळेच सगळ्यांना म्हणतात, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. मी त्यांना सागो म्हणजे काय ते समजावून सांगितलं. झाड, फुलोरा, गाभा, चीक, सगळं हातवारे करून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बरोबर आहे, अंकल. मी मुकाहची. मेलानाउ. आमची आजी सागो पायांनी तुडवायची.”

भाच्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

बाईंनी मात्र, शिक्षा म्हणून की बक्षीस म्हणून कोण जाणे, आणखी एक वाडगा आणून ठेवला. लिनुत. सागोच्या पिठावर उकळतं पाणी ओतून घोटलेली, अगदी पतंग चिकटवायच्या खळीसारखी. ती बांबूच्या जोडकाडीवर गुंडाळायची, कोळंबी आंबवून केलेल्या बलाचानच्या तिखट चटणीत बुडवायची आणि गिळायची. “चावायचं नाही, अंकल.” मी जाणकाराच्या सहजतेने काडी फिरवली. लिनुत काडीवर आली, काडीवरून बोटांवर आली आणि बोटांवरून, मी चष्मा सावरला तेव्हा, चष्म्यावर. शेजारच्या टेबलावरची पाच-सहा वर्षांची मुलगी आपली काडी सफाईने गुंडाळत माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या आईने तिला बघू नको म्हणून दटावलं. ते मला जास्त लागलं.

मग भाच्याने साधा प्रश्न विचारला. “मामा, आपल्याकडे असा बोर्ड कुठे आहे? म्हणजे वारली जेवण, गोंड जेवण, असा?”

मी तोंड उघडलं आणि आत काही सापडेना. आमच्या दिवाणखान्यात वारली चित्र आहे. सोफ्याच्या उशांवर आहे, चहाच्या कपांवर आहे, सोसायटीच्या जिन्यातही आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी ‘आपला माणूस’ म्हणून चारचौघांत मिरवलंय. पण त्या चित्रांतली नाचणारी, भात लावणारी माणसं संध्याकाळी घरी जाऊन काय जेवतात, हे मी, काहीही खाणाऱ्या माणसाने, कधी विचारलं नाही. मालवणी, कोल्हापुरी, खानदेशी पाट्या गल्लोगल्ली. आदिवासी म्हटलं की पावसाळ्यात एक दिवस रानभाजी महोत्सवाचा मांडव, तोही उद्घाटनाच्या भाषणांसकट. पालघरकडे कडूकंद राखेबरोबर उकडतात, चकत्या करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा त्याचा कडवटपणा जातो. हेही मला ठाऊक ते जव्हारच्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या मेव्हण्यामुळे, आणि त्याने सांगितलं तेव्हाही मी त्याला मधेच तोडून साबुदाण्यावर आलो होतो.

गल्ल्यापाशी तांदळाच्या तुआक दारूच्या बाटल्या लेबल लावून मांडलेल्या होत्या. १ जूनला गवाई दायाकचा सण. तेव्हा घरी येईल त्या पाहुण्याच्या हातात ती देतात. आमच्याकडे इंग्रज सरकारने १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच कायदा बसवला. इंग्रज गेले, पण मोह म्हटलं की आम्हाला अजून आधी पोलीस आठवतो, मग झाड. राग कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी मिडीन नावाच्या नेच्याच्या कोवळ्या कोंबांची भाजी मागवली आणि एकट्याने संपवली. करकरीत होती. बांबूतली कोंबडी भाच्याने खाल्ली. मला एक तंगडी मिळाली.

शेवटी तीन थरांचा थंड चहा आला. खाली निपा ताडाचा गूळ, मधे दूध, वर चहा. तो ढवळायचा असतो हे मी विचारून घेतलं. बिल येईपर्यंत लिनुतचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘साबुदाण्याचं मूळ रूप. बोर्निओ.’

सासूबाईंचा प्रश्न लगेच आला. ‘उपासाला चालेल का?’

न्यायाने पाहिलं तर सेलमच्या कंदापेक्षा याचाच हक्क मोठा. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला, ‘बाजूला लाल काय आहे?’ मी ‘कोळंबी’ लिहिलं, खोडलं, आणि पाठवलं, ‘चटणी. ती सोडून चालेल.’

मेव्हणीने विचारलं, ‘भाऊजी, तुम्ही सोडलीत का?’

‘अर्थात,’ मी लिहिलं. आज एकादशी आहे हे मला तिच्या प्रश्नावरून कळलं होतं.

भाच्याने माझ्या हातातून फोन घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, “मामा, कडेला तुमची बाही आलीय. तिच्यावर आहे ती.”